थर्टी फर्स्टचं भरीत: पोरांना चार गोष्टी

पोरांनो, यंदाची थर्टी फर्स्टची भरीत पार्टी तुम्ही अंगावर घेतलीत, फार बरं वाटलं. केटररला ऑर्डर दिली तरी जेवण होतंच. पण गाव एकत्र येतं ते कामाला हात लावल्यावर. म्हणून जे ठाऊक आहे ते सांगून ठेवतो.

आधी कामं वाटा, मग वर्गणी काढा. नुसती वर्गणी देणारा जेवून घरी जातो. ज्याच्याकडे काम आहे तो शेवटपर्यंत थांबतो. गल्लीत नव्यानं राहायला आलेल्या कुटुंबाला, पुण्याहून सुट्टीवर आलेल्या पोराला, प्रत्येकाला नावानिशी काम द्या. शेजारच्या फैजपूरला १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलंच. अध्यक्ष पंडित नेहरू होते, पण ते उभं राहिलं इथल्याच धनाजी नाना चौधरींसारख्या माणसांच्या कष्टावर. चित्रकार नंदलाल बोसांनी अधिवेशनाचं नगर सजवलं तेही बांबू आणि इथल्याच साध्या सामानातून. तेव्हा डेकोरेशनच्या खर्चात पडू नका.

वांगी घ्या बामणोदकडची. हिरवीगार, पांढऱ्या रेघांची, मोठी आणि हाताला हलकी. जड वांग्यात बी निघतं. चंपाषष्ठीनंतर मागणी वाढते, म्हणून शेतकऱ्याला आठवडाभर आधी सांगून ठेवा. माणशी अर्धा किलो धरलं तर कमी पडत नाही. आपल्या जळगावच्या या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय. पाहुण्यांना दुसरं वांगं घालू नका.

भाजायला कपाशीच्या काड्याच हव्यात. डिसेंबरात कपाशी उपटून शेत मोकळं केलेलं बरं, बोंडअळीला थारा राहत नाही. काड्या तिथूनच आणा. त्या वाळलेल्या हव्यात, ओल्या काडीचा धूर भरिताला कडू करतो. वांग्याला आधी टोचे मारा, नाहीतर ते विस्तवात फुटतं. देठ कापू नका, देठाला धरूनच फिरवायचं असतं. देठाजवळ दाबून बघा, तिथे मऊ लागलं की झालं. साल गरम असतानाच काढा. हात पाण्यात बुडवा, वांगं धुऊ नका. चव सगळी पाण्याबरोबर जाते.

ठेचायला लाकडी बडजी काढा. मिक्सरमध्ये वांग्याचा लगदा होतो. हिरवी मिरची, लसूण वाटून तेलात परता, शेंगदाणे टाका, कांद्याची पात आणि कोथिंबीर अगदी शेवटी. लेकरांसाठी बिनमिरचीचं पातेलं आधीच बाजूला काढा. कळण्याच्या पुऱ्यांना ज्वारी चार भाग, उडीद एक भाग. पुऱ्या लाटणं फक्त बायकांच्या गळ्यात घालू नका. ज्या काकू, मावश्या चुलीपाशी बसल्या, त्यांची पंगत पहिली आणि वाढायला तुम्ही.

जेवायला केळीची पानं घ्या, पण खालची, जून झालेली. वरची पानं घडाला पोसतात. करप्याची किंवा नुकतीच फवारणी झालेली पानं घेऊ नका.

पोलीस ठाण्यात आधी कळवा आणि आवाजाची वेळ पाळा. गावात आजारी माणसं असतात, पोटात लेकरू असलेल्या आया असतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. त्या रात्री कुणाच्या तरी शेतातल्या पंपाला रात्रीची लाइट असणारच. पारा दहाच्या खाली गेला की केळीला थंडीचा चरका बसतो, मग माणूस बांधावर धूर करून आणि बागेला पाणी देऊन रात्र काढतो. तो पार्टीला येऊ शकत नाही. असे कोण कोण आहेत त्याची यादी संध्याकाळीच करा, डबा गरम असतानाच पोचवा आणि दोघं जण तासभर त्याच्या बांधावर बसा. नववर्ष त्याचंही आहे.

निघताना विस्तवावर पाणी ओता, वर माती टाका. एक ठिणगी वाळल्या पानांत गेली तर ठिबकच्या नळ्या जळतात आणि एखाद्याचं वर्षाचं पीक जातं.

सकाळी जागा झाडा, हिशेब फळ्यावर लिहा. उरलेले पैसे पुढच्या वर्षाला ठेवा. आणि प्रत्येक कामावर तुमच्याबरोबर एक लहान पोरगं उभं करा. मला हे माझ्या काकांनी असंच शिकवलं, तुम्ही या लहानांना शिकवा.