घरगुती सुतारकामासाठी जाडीच्या रंध्याची निवड

सर्व फळ्या एकाच जाडीच्या करणे हे सुताराचे सर्वांत वेळखाऊ काम होय. कपाटाच्या लाकडात दोन मिलिमीटरांचा फरक राहिला, तरी सांधा नीट बसत नाही. हातरंध्याने अर्धा दिवस खाणारे हे काम जाडीचा रंधा, म्हणजेच थिकनेस प्लेनर, काही मिनिटांत उरकतो. २०२३ साली सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत सुतारकामाचा समावेश आहे. अवजारांसाठी १५,००० रुपयांचे साहाय्य आणि पहिल्या टप्प्यात १ लाख रुपयांपर्यंत कर्ज, सवलतीच्या ५ टक्के व्याजाने, अशी तीत तरतूद आहे. अर्जाची पहिली पडताळणी ग्रामपंचायतीकडे असते. कर्ज काढून घेतलेले यंत्र पडवीत धूळ खात पडू नये, यासाठी त्याची ओळख पंचायत सदस्यांनाही असणे इष्ट ठरेल.

या यंत्राने वाकडी फळी सरळ होते, हा सार्वत्रिक गैरसमज आहे. यंत्रातील रूळ फळी दाबून पुढे ओढतात व वरची पाती तिला तासतात. दाबाखाली सरळ झालेली फळी बाहेर पडताच पुन्हा वाकते. वरची बाजू खालच्या बाजूला समांतर करणे, एवढेच या यंत्राचे काम. म्हणून एक बाजू आधी हातरंध्याने अथवा सरफेस प्लेनरने सपाट करावी लागते. दोन्ही कामे करणारे जोडयंत्रही मिळते. त्याने जागा वाचते. मात्र प्रत्येक वेळी जुळणी बदलण्यात वेळ जातो.

रुंदीच्या मोहात पडण्याचे कारण नाही. घरगुती कामातील बहुतेक फळ्या १२ ते १३ इंची यंत्रातून सहज जातात. खरा प्रश्न विजेचा असतो. सुमारे २,००० वॅटचे यंत्र एकफेजी जोडणीवर चालते. परंतु बारीक व लांब तारेतून वीज घेतल्यास दाब घसरतो आणि मोटार तापते. जाड तार, योग्य भूसंयोजन व १६ अँपिअरची स्वतंत्र जोडणी यांचा खर्च यंत्राच्या किमतीतच धरावा. ब्रशयुक्त मोटारीचे यंत्र हलके व स्वस्त, पण आवाज कानठळ्या बसविणारा. इंडक्शन मोटारीचे जड, शांत आणि दीर्घकाळ चालणारे.

सरळ पाती गावातही धार लावून घेता येतात. लहान चौकोनी कार्बाइड तुकड्यांची सर्पिल पाती उलटसुलट रेशांच्या लाकडावर गुळगुळीत काम देतात व बोथट कड फिरवून नवी घेता येते. किंमत मात्र बरीच अधिक. जुन्या घराचा साग तासणाऱ्याने कोणतीही पाती घेतली तरी आधी लाकडातील खिळे शोधून काढावेत. एका फेरीत १ ते १.५ मिलिमीटरच तासावे. पुस्तिकेत दिलेल्या किमान लांबीपेक्षा आखूड तुकडा घालू नये. तो रुळांच्या पकडीतून सुटून उसळतो.

लाकडाची धूळ कर्करोगकारक ठरली असल्याने भुसा ओढणारी नळी, मुखपट्टी आणि कानांचे संरक्षण यांस चैन समजू नये. घराच्या माजघरालगत यंत्र बसवू नये, हे ओघानेच आले.

खरेदीपूर्वी स्वतःची, एक बाजू सपाट केलेली, तीन फुटी फळी दुकानात न्यावी, यंत्रातून काढावी आणि चारही कोपऱ्यांची जाडी कॅलिपरने मोजावी. टोकाच्या दोन-तीन इंचांत खळगा पडला, तर पुढचे-मागचे आधारपाट समपातळीत आणून पुन्हा पाहावे. तरीही खळगा राहिला, तर दुसरे यंत्र पाहावे.