मजुराचा रोज आणि आपली प्रार्थना



उपासनेचे 'अ' वर्ष असते तेव्हा सामान्य काळातील 25व्या रविवारी आपण द्राक्षमळ्यातील मजुरांचा दाखला ऐकतो (मत्तय 20:1-16). हा रविवार 18 ते 24 सप्टेंबरच्या दरम्यान येतो. नेमक्या त्याच दिवसांत जुन्नर-आंबेगावच्या बागांत ऑक्टोबर छाटणीची जुळवाजुळव सुरू असते. शहरातल्या धर्मगुरूंना द्राक्षमळा म्हणजे काय हे आधी समजावून सांगावे लागते. आम्हाला ती अडचण नाही. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, विरळणी, फेब्रुवारी-मार्चची काढणी हे सारे तुम्हीच आम्हाला शिकवाल. कामाच्या शोधात पहाटे नारायणगावात येऊन थांबणारी माणसेही आपण पाहिलेली आहेत. पश्चिमेच्या डोंगरपट्ट्यातून, अकोल्याच्या बाजूने ती येतात. दुपार झाली तरी कुणी बोलावले नाही तर तशीच उन्हात बसून राहतात. प्रभू येशूने हेच चित्र डोळ्यांसमोर ठेवले होते.

या दाखल्यावर प्रवचन करताना आपण सहसा मालकाच्या औदार्यावर बोलतो. पाच वाजता आलेल्यालाही त्याने पूर्ण दिनार दिला, आणि दिनार म्हणजे त्या काळचा एका दिवसाचा रोज. देवाची कृपा हिशेबाने मिळत नाही, हा अर्थ खराच आहे. पण त्याआधीचे एक छोटे वाक्य आपल्या कानावरून निसटते. संध्याकाळ झाली तेव्हा मालकाने कारभाऱ्याला मजुरी वाटायला सांगितले. संध्याकाळीच का? पट्टी आल्यावर का नाही? कारण तसा नियमच होता. अनुवाद 24:14-15 मध्ये सांगितले आहे की गरीब मजुराचा रोज सूर्य मावळण्यापूर्वी द्यावा, कारण त्याचा जीव त्या पैशाकडे लागलेला असतो. लेवीय 19:13 मध्ये मजुरी रात्रभर आपल्याकडे ठेवायलाही मनाई आहे. म्हणजे दाखल्यातल्या मालकाने आधी नियम पाळला, औदार्य त्यानंतरचे.

पुढे याकोबाच्या पत्रात (5:4) अडकवून ठेवलेली मजुरी स्वतःच देवाकडे ओरडते असे म्हटले आहे. सिराकच्या ग्रंथात, 34व्या अध्यायात, मजुराची मजुरी बुडवणाऱ्याला रक्त सांडणाऱ्याच्या रांगेत बसवले आहे. शब्द कठोर आहेत, पण आम्ही ते मवाळ करू शकत नाही. 1992 साली प्रसिद्ध झालेल्या कॅथॉलिक धर्मशिक्षण ग्रंथातही (क्र. 1867) स्वर्गाकडे आक्रोश करणाऱ्या पापांच्या यादीत खुनाबरोबर मजुरावरील अन्याय येतो. प्रायश्चित्त संस्काराच्या वेळी आपण रागावलो, खोटे बोललो, रविवारची मिस्सा चुकवली असे सांगतो. राहिलेल्या मजुरीचा उल्लेख मात्र फार क्वचित कानी येतो. ते आपल्याला 'व्यवहारात' मोडते असे वाटते, धर्मात नाही.

द्वितीय व्हॅटिकन परिषदेने नेमके इथेच बोट ठेवले. 7 डिसेंबर 1965 च्या दस्तऐवजात (आधुनिक जगातील ख्रिस्तसभा, क्र. 43) परिषदेने सांगितले की, तोंडाने सांगितलेली श्रद्धा आणि रोजचे जगणे यांतली फारकत ही आपल्या युगाच्या गंभीर चुकांपैकी एक आहे. त्याच परिषदेने 1964 साली कुटुंबाला घरगुती ख्रिस्तसभा म्हटले आणि आईवडील हे मुलांसाठी श्रद्धेचे पहिले प्रचारक आहेत असे शिकवले (ख्रिस्तसभेविषयीचे संविधान, क्र. 11). आम्ही ही दोन वचने मुद्दाम शेजारी ठेवत आहोत. मुले जपमाळेच्या वेळी जेवढे शिकतात, तेवढेच आपण ओट्यावर बसून मजुरांचे पैसे मोजतो तेव्हाही शिकतात. बाबा कुणाशी 'अहो-जाहो' बोलतात आणि कुणाला 'ए' म्हणून हाक मारतात, पाणी कोणत्या भांड्यातून देतात, सुट्टे नाहीत म्हणून वीस रुपये कुणाचे राहतात, हे सारे ती टिपत असतात.

आम्ही दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना एका घरी संध्याकाळच्या प्रार्थनेला गेलो होतो. गाव विचारू नये, सांगणार नाही. जपमाळेचे तिसरे रहस्य चालू असताना दोन बायका दाराशी येऊन उभ्या राहिल्या. तीन आठवड्यांची मजुरी राहिली होती. घरातून कुणीतरी हलक्या आवाजात त्यांना सांगितले, "प्रार्थना चाललीय, उद्या या." त्या निमूट परत गेल्या. घरातले लोक वाईट नव्हते. प्रार्थना मोडू नये असेच त्यांना वाटले. त्या रात्री त्या बायकांच्या चुलीवर काय शिजले असेल, हा प्रश्न प्रार्थनेचाच भाग आहे हे मात्र कुणाच्या ध्यानी आले नाही.

आपल्या धर्मग्रामात काहींचे मळे आहेत, पुष्कळजण स्वतः रोजाने जातात, काही शिक्षक, नर्स, चालक आहेत. हा विषय सगळ्यांचा आहे, कारण धुणीभांडी करणारी बाई, गवंड्याच्या हाताखालचा माणूस आपल्यालाही लागतो. आणि मळेवाल्याची अडचण आम्हाला ठाऊक नाही असे नाही. 2023 च्या जुलैत नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या 20 किलोच्या क्रेटला दोन हजारांवर भाव मिळाला आणि सप्टेंबरात तोच टोमॅटो मातीमोल झाला. खताचे, औषधाचे पैसे दुकानदार सोडत नाही, बँक सोडत नाही. मग थांबवता येण्यासारखा एकच माणूस उरतो, तो म्हणजे मजूर. तो भांडत नाही, म्हणून त्याचा नंबर शेवटी. भाव चढला तेव्हा त्याचा रोज किती चढला होता, हेही एकदा आठवून पाहावे.

बायकांच्या रोजाचे तर वेगळेच. विरळणीला बोटे बाईची हवीत, कारण हात हलका असतो असे सगळेच म्हणतात. पैसे मात्र पुरुषापेक्षा कमी. समान कामाला समान वेतन द्यावे असा कायदा आपल्या देशात 1976 साली झाला. त्याच्या कितीतरी आधी स्त्री आणि पुरुष दोघेही देवाच्या प्रतिमेत घडले हे उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात लिहिले गेले.

गळीत हंगाम सुरू झाला की विघ्नहर आणि भीमाशंकर कारखान्यांच्या परिसरात ऊसतोडीची कुटुंबे उतरतात, उसाच्या फडाशेजारी कोप्या उभ्या राहतात. त्यांच्या हिशेबात नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरतात. उचल नवऱ्याच्या नावावर, हिशेबही त्याच्याच हातात. विवाह संस्काराच्या वेळी आपण दोघे एकदेह होतील असे वाचतो. देवाने दोघांना एक केले ते प्रेमासाठी, एकीची मजुरी दुसऱ्याच्या खिशात घालता यावी म्हणून नव्हे. आणि हे कोप्यांपुरते नाही. आपल्या पक्क्या घरांतही पत्नीचा पगार, तिचे एटीएम कार्ड कुणाच्या पाकिटात असते?

दिवाळीला साडी, नाताळला करंज्या आपण मजुरांना आवर्जून देतो, ते चांगलेच आहे. पण संत थॉमस अक्वायनस न्यायाची व्याख्या ज्याचे त्याला देण्याची स्थिर इच्छा अशी करतात. इथे 'स्थिर' या शब्दाला वजन आहे. न्यायाने जे देणे लागते ते दान म्हणून देऊ नये, असे परिषदेनेही 1965 साली प्रापंचिकांच्या प्रेषितकार्यावरील दस्तऐवजात (क्र. 8) बजावले. पोप लिओ तेरावे यांनी 1891 साली कामगारांच्या प्रश्नावर परिपत्रक काढले, त्यात मजुराने गरजेपोटी कमी मजुरीला होकार दिला म्हणून ती न्याय्य ठरत नाही, असे स्पष्ट केले. मे 2025 मध्ये निवडून आलेल्या पोप महोदयांनी लिओ हे नाव घेताना याच परिपत्रकाची आठवण काढली.

रोजाने जाणाऱ्यांसाठीही एक शब्द. मालक बांधावर नसताना केलेले कामही कामच असते, आणि रोज घेऊन घरी जाताना वाटेत दारूच्या दुकानात त्यातला अर्धा ठेवला, तर मुलांची मजुरी कुणी अडकवली?

हातात खरोखरच पैसे नसतील तर काय, असे काहीजण विचारतील. तर कामाला बोलावतानाच ते सांगावे, माणसाला नाही म्हणायची संधी द्यावी. ठरलेली तारीख वहीत लिहावी आणि वही त्यालाही दाखवावी. निदान त्या दिवसाच्या किराण्यापुरते तरी संध्याकाळी हातावर ठेवावे. जमल्यास हे काम घरातल्या मोठ्या मुलामुलीकडे द्यावे, नाव घेऊन, दोन्ही हातांनी. प्रार्थनेची वेळ त्यानंतरची धरावी. दहा मिनिटे उशीर झाला तरी चालेल.