जालकावरील क्षेत्रे आणि वळशांची संख्या

क्वार्क व ग्लुऑन यांच्या तीव्र परस्परक्रियेचे समीकरण एका ओळीत मावते. त्यातून प्रोटॉनचे वस्तुमान काढणे मात्र अतिशय दुष्कर आहे. १९७४ मध्ये केनेथ विल्सन यांनी अखंड अवकाश-कालाच्या जागी बिंदूंचे जालक कल्पिले, आणि १९८० च्या सुमारास मायकेल क्रॉइट्झ यांनी अशा जालकावरील क्षेत्राची गणना संगणकाकडून करवून दाखविली. क्षेत्राच्या असंख्य संभाव्य रचनांपैकी प्रत्येकीला एक भार असतो. हा भार नेहमी धन असेल, तर त्यास संभाव्यता मानता येते आणि फासे टाकावेत त्याप्रमाणे संगणक भारानुसार रचनांची निवड करीत जातो. काही हजार निवडक रचनांची सरासरी पुरेशी होते.

ही सारी सोय भाराच्या धनतेवर अवलंबून आहे, आणि संस्थितिक पद नेमके तेथेच आघात करते. खांबाभोवती दोरीचे वळसे घालून तिची टोके जोडली, तर दोरी कितीही ताणली वा सैल केली तरी वळशांची संख्या बदलत नाही. ग्लुऑन क्षेत्राच्या रचनांनाही अशीच एक पूर्णांक संख्या असते. संस्थितिक पद समाविष्ट केले की प्रत्येक वळशामागे रचनेचा भार थीटा या कोनातून फिरतो. भार सदसत् संख्या बनतो. थीटाचे मूल्य पाय, म्हणजे अर्धे वर्तुळ, असेल तर सम वळशांच्या रचना धन व विषम वळशांच्या ऋण ठरतात, आणि त्या एकमेकींना जवळजवळ संपूर्ण खोडून काढतात. उरलेली बाकी हजारात एक असेल, तर ती विश्वासाने मोजण्यास सुमारे दहा लाख रचना लागतात. जालकाचे घनफळ दुप्पट केले की बाकी दहा लाखांत एक होते आणि रचना एक लाख कोटी लागतात. अधिक वेगवान यंत्र आणून हा प्रश्न सुटत नाही.

निसर्गात थीटाचे मूल्य काय? ते शून्य नसते, तर न्यूट्रॉनला विद्युत् द्विध्रुव परिबल असते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मापनातही ते आढळले नाही. त्यावरून थीटा एकाच्या सुमारे एक हजार कोटीव्या भागाहून मोठा नसावा असे ठरते. तो इतका लहान का, याचे सर्वमान्य उत्तर नाही. इतक्या लहान कोनासाठी गणनेला पळवाट सापडते: थीटा शून्य धरून, अथवा त्यास असत् मूल्य देऊन, गणना करावयाची व तेथून पुढचा अंदाज बांधावयाचा. परंतु जालक सूक्ष्म केले की वळशांची संख्या एका मूल्यावर गोठून बसते, हा वेगळाच उपद्रव.

मोठ्या कोनाचे कोडे चुंबकांच्या साखळीत पुढे आले. प्रतिलोहचुंबकीय साखळीतील परिवलन पूर्णांकी असल्यास तळाच्या अवस्थेच्या वर ऊर्जेचे अंतर राहते, अर्धपूर्णांकी असल्यास राहत नाही, असे डंकन हॉल्डेन यांनी १९८३ मध्ये प्रतिपादिले. दुसऱ्या प्रकारातील थीटा म्हणजे पाय. १९९५ मध्ये बीटेनहोल्त्स, पोचिन्स्की व वीझे यांनी या प्रतिमानासाठी मोठी चतुर युक्ती योजिली. त्यांनी जालकावरील परिवलनांचे समूह पाडले. काही समूह उलटे केले की वळशांची संख्या विषम संख्येने बदलते. त्यांना मेरॉन म्हणतात. असा समूह जेथे आहे, तेथे रचना व तिची उलटी जोडीदार यांचे भार तंतोतंत कटतात. मग त्यांची गणना करावयाचीच कशाला? उरलेल्या रचना धन असतात. या मार्गाने हॉल्डेन यांच्या तर्काशी जुळणारे निष्कर्ष मिळाले. ग्लुऑनांच्या क्षेत्रात मात्र असे उपयुक्त समूह पाडता आलेले नाहीत.