भाव नसलेली पिशवी

तुमच्या मोहल्ल्यात भंगारवाला येतच असेल. तो फुटकी बादली घेतो, तेलाचा रिकामा डबा घेतो, पाण्याच्या बाटल्याही घेतो. पण भाजीची पातळ पिशवी त्याला देऊन पाहा. तो हातही लावणार नाही. असे का?

भंगार वजनावर विकले जाते. पातळ पिशवीचे वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम! एक किलो भरण्यासाठी दोनशेहून अधिक पिशव्या वेचाव्या लागतात. शिवाय त्या मळलेल्या असतात. एवढे कष्ट करून हाती काय येणार? म्हणून बाटली कारखान्यात परत जाते आणि पिशवी गटारात जाते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबई पाण्याखाली गेली. नाले तुंबण्याचे एक कारण या पिशव्या होत्या. २०१८ साली महाराष्ट्रात त्यांच्यावर बंदी आली. तरी त्या बाजारात दिसतात, हे तुम्ही पाहताच.

वापरलेल्या वस्तूपासून पुन्हा उपयोगी वस्तू बनवत राहणे, याला ‘चक्राकार अर्थव्यवस्था’ म्हणतात. नाव मोठे आहे. काम मात्र आपल्या भंगारवाल्याला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. पातळ पिशवी तेवढी या चक्राबाहेर राहिली होती.

तामिळनाडूतील मदुराई येथे एका अभियांत्रिकी महाविद्यालयात डॉ. राजगोपालन वासुदेवन रसायनशास्त्र शिकवत. त्यांनी या पिशवीचाच विचार केला. प्लॅस्टिक खनिज तेलापासून बनते आणि डांबरही खनिज तेलापासूनच मिळते. मग ही दोन्ही एकमेकांना चिकटतील का?

त्यांची रीत साधी आहे. प्रथम पिशव्यांचे बारीक तुकडे करतात. रस्त्याची खडी सुमारे १७० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात आणि तिच्यावर हे तुकडे टाकतात. प्लॅस्टिक जळत नाही, वितळते. प्रत्येक खड्यावर त्याचा पातळ थर बसतो. त्यानंतर गरम डांबर मिसळतात. या थरामुळे खडी डांबराला घट्ट धरून ठेवते आणि पावसाचे पाणी आत शिरत नाही. डांबरही थोडे कमी लागते. एक पदरी रस्त्याच्या एका किलोमीटरला सुमारे एक टन प्लॅस्टिक खपते.

असा पहिला रस्ता २००२ साली त्यांच्या महाविद्यालयाच्या आवारात झाला. २००६ मध्ये या पद्धतीला पेटंट मिळाले. २०१५ साली केंद्र सरकारने मोठ्या शहरांजवळच्या डांबरी रस्त्यांत टाकाऊ प्लॅस्टिक वापरण्याचा आदेश दिला. २०१८ मध्ये डॉ. वासुदेवन यांना पद्मश्री मिळाली.

सर्वच प्लॅस्टिक मात्र येथे चालत नाही. पाण्याच्या नळांसाठी वापरतात ते पीव्हीसी तापवले, तर विषारी वायू निघतो. म्हणून ते आधी वेगळे काढावे लागते. रस्ता झिजल्यावर प्लॅस्टिकचे बारीक कण मातीत मिसळतात का, हाही प्रश्न विचारला जातो. आणि मला विचाराल, तर हे चक्र अर्धेच आहे. रस्त्यात गेलेली पिशवी पुन्हा पिशवी होत नाही.

तरीही एक गोष्ट बदलते. रस्ता बांधणारा ठेकेदार हे तुकडे किलोच्या भावाने विकत घेऊ लागला, की कचरा वेचणारी बाई पिशवीही आपल्या पोत्यात टाकते. मात्र त्या पिशवीत आपण कालचे उरलेले कालवण भरून फेकले असेल, तर ती कोण उचलणार?