धडा : बांधलेले सुटते, कापलेले जुळत नाही

दिवाळीत गायगोधनाला आपल्या भंडारा जिल्ह्यात गोवारी बांधव बासरी वाजवतात. ती वेळूची असते. एकदा एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या बासरीला टोकाशी चीर पडली. नातू म्हणाला, "आबाजी, चिरलेलं टोक कापून टाकू."

म्हातारबा म्हणाले, "कापशील त सूर बदलंन ना बाप्पा! दोरा बांध."

नातवाने मेण लावलेला दोरा चिरेवर घट्ट गुंडाळला. बासरी पुन्हा वाजू लागली.

म्हातारबांचे म्हणणे किती खरे होते, ते आपण पाहू.

सुमारे अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वी युरोपातले श्रीमंत लोक हस्तिदंती बासऱ्या वाजवत. हस्तिदंत म्हणजे हत्तीचा सुळा. कारागीर सुळा कातून पोकळ करत. बासरीचे तीन-चार तुकडे असत. ते एकात एक बसवले की बासरी तयार होई.

यातल्या काही बासऱ्या आज संग्रहालयांत आहेत. पण सगळ्याच पहिल्यासारख्या राहिल्या नाहीत. का बरे?

पहिले कारण सुराचे. बासरी लांब असली की सूर खाली जातो. आखूड केली की चढतो. पुढे तिकडे वाद्यांचा सूर चढवला गेला. जुनी बासरी इतर वाद्यांशी जुळेना. मग कुणी तिचा तुकडा कापून आखूड केला. कुणी भोके मोठी केली. कुणी भोके उघडझाप करणाऱ्या धातूच्या चाव्या बसवल्या.

दुसरे कारण चिरेचे. कोरड्या हवेत हस्तिदंत आकसतो आणि उभा चिरतो. चिरेतून फुंक निसटली की सूर नीट लागत नाही. मग कुणी दोरा बांधला. कुणी चांदीचे कडे चढवले.

आता विचार करा. दोरा सोडता येतो. कडे काढता येते. पण कापलेला तुकडा वाढत नाही. त्या बासरीचा पहिला सूर कायमचा गेला. म्हणून जाणकार लोक जुन्या वस्तूला कमीत कमी हात लावतात. जे केले, ते लिहून ठेवतात.

आणखी एक गोष्ट. सुळ्यासाठी पुष्कळ हत्ती मारले गेले. आपल्याकडे १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. त्यात १९८६ व १९९१ साली बदल होऊन हस्तिदंताचा व्यापार बंद झाला. घरात जुनी हस्तिदंती वस्तू निघाली तर ती विकू नये. वनखात्याच्या कचेरीत जाऊन विचारावे.

आपल्या घरीही वाडवडिलांच्या वस्तू असतात. पाटी, पेटी, एखादे वाद्य. दुरुस्ती जरूर करावी. पण हत्यार उचलण्याआधी म्हातारबांचा दोरा आठवावा.

प्रश्न
१. बासरी आखूड केली तर सुराचे काय होते?
२. चीर पडलेली बासरी नीट का वाजत नाही?
३. तुमच्या घरातली सर्वांत जुनी वस्तू कोणती? ती कुणी, केव्हा दुरुस्त केली? घरातल्या वडील माणसांना विचारून चार ओळी लिहा.