कॅबिनेटशिवाय चालणारा संगणक



डेस्कटॉप संगणक कॅबिनेटशिवायही चालतो. मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम आणि वीज पुरवणारा एसएमपीएस यांना चालण्यासाठी त्या पत्र्याच्या पेटीची गरज नसते. पण पेटी बरीच कामे निमूटपणे करत असते. बोर्डाची मागची बाजू पत्र्याला टेकू देत नाही, ग्राफिक्स कार्डाचे वजन पेलते, हवेला वाट देते आणि बोटे, पाणी, पाली यांना आत शिरू देत नाही. पेटी काढली की ही सगळी राखण संगणक वापरणाऱ्याच्या अंगावर येते.

सर्वांत जपायचे ते एसएमपीएसला. त्यात २३० व्होल्ट शिरतात आणि बाहेर १२, ५ व ३.३ व्होल्ट येतात. आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही काही काळ ३०० व्होल्टांहून अधिक दाब साठून राहू शकतो. त्यामुळे कॅबिनेट उघडे असले तरी एसएमपीएसचे झाकण कधीही खोलू नये. प्लग तीन पिनांचाच असावा आणि सॉकेटचे अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे. कित्येक जुन्या घरांत तिसरे भोक असते, पण त्यामागे तार नसते. १२ व्होल्टांचा झटका सहसा जाणवत नाही, म्हणून त्यांना हलके लेखू नये. एसएमपीएस त्या दाबाला कित्येक अँपिअर प्रवाह देतो. चालू बोर्डावर एक स्क्रू पडला तरी बोर्ड जळू शकतो.

मदरबोर्डच्या पाठीवर सोल्डरची असंख्य उघडी टोके असतात. लोखंडी टेबल त्याला चालत नाही. गादी किंवा सोफा तर नाहीच. बोर्डासोबत येणारी चंदेरी अँटिस्टॅटिक पिशवी अनेक जण खाली अंथरतात. तिच्यात धातूचा पातळ थर असतो, त्यामुळे चालू बोर्ड तिच्यावर ठेवू नये. थोड्या वेळाच्या तपासणीला बोर्डाचे पुठ्ठ्याचे खोके उत्तम. जास्त दिवस चालवायचा असेल तर प्लायवूडच्या फळीवर पितळी स्टँडऑफ (छोटे खांब) बसवून त्यांवर बोर्ड स्क्रूने घट्ट करावा. एटीएक्स बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटरचा असतो. फळी त्याहून ऐसपैस घ्यावी.

ग्राफिक्स कार्ड लावताना एक अडचण हमखास येते. कार्डाच्या धातूच्या पट्टीचे टोक बोर्डाच्या पातळीखाली उतरते. बोर्ड सपाट टेबलावर असेल तर ते टोक टेबलाला अडते आणि कार्ड स्लॉटमध्ये पूर्ण बसत नाही. म्हणून बोर्डाची ती कड खोक्याच्या किंवा फळीच्या काठाशी आणावी, म्हणजे टोक बाहेर लोंबते. जड कार्डाला आधार द्यावा. सगळा भार स्लॉटवर टाकू नये.

पॉवरचे बटण कॅबिनेटबरोबर गेलेले असते. मॅन्युअलमध्ये पॉवर स्विचच्या दोन पिना शोधून तिथे तारेसह मिळणारे सुटे बटण लावावे. स्क्रूड्रायव्हरने त्या पिना क्षणभर जोडल्या तरी संगणक सुरू होतो, पण शेजारच्या पिनेला धक्का लागण्याची भीती राहते. संगणक बंद दिसला तरी बोर्डावर ५ व्होल्टांचा स्टँडबाय पुरवठा चालूच असतो. रॅम किंवा कार्ड काढण्याआधी एसएमपीएसमागचा स्विच बंद करून प्लग काढावा आणि बोर्डावरचा दिवा विझू द्यावा. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत अंगावर स्थिर विद्युत साठते. सुटा भाग हाती घेण्याआधी अर्थ केलेल्या धातूला हात लावावा.

उघड्यावर हवा भरपूर असली तरी ती बोर्डावरून वाहतेच असे नाही. प्रोसेसरभोवतीच्या पॉवर सर्किटचे हीटसिंक आणि एम.२ एसएसडी तापतात. तिथे छोटा पंखा लावावा आणि तापमान सॉफ्टवेअरने पाहत राहावे. फिरत्या पात्यांवर जाळी हवीच. धूळ ब्लोअरने उडवावी, ओल्या फडक्याने पुसू नये. कोकणातल्या पावसाळी, खाऱ्या हवेत उघडे कनेक्टर गंजतात, तिथे ही मांडणी फार दिवस ठेवण्यात अर्थ नाही.

बिघाड शोधायला किंवा नवे भाग पारखायला ही पद्धत चांगली आहे. उघडा संगणक चालू ठेवून खोलीबाहेर मात्र जाऊ नये, आणि घरात लहान मूल असेल तर तपासणी आटोपताच तो कॅबिनेटमध्ये बसवावा.