राशीत हात घालून पाहा

मदीनेच्या बाजारात प्रेषित मुहम्मद (स.) एका धान्यविक्रेत्यापाशी थांबले आणि त्यांनी राशीत हात घातला. वरचे धान्य कोरडे होते. आत बोटांना ओल लागली. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असा प्रश्न करून प्रेषितांनी (स.) बजावले की, फसविणारा आपल्यापैकी नाही. ‘सहीह मुस्लिम’मधील ही हदीस आपण बहुधा व्यापाऱ्यांना ऐकवितो. परंतु तो हात ग्राहकालाही काही शिकवून जातो. वरचा थर पाहून माल पारखू नये, हे मुलांना याहून सोप्या रीतीने कसे सांगता येईल?

आजची रास मोबाईलच्या पडद्यावर असते. सूरह अल-हुजुरातच्या सहाव्या आयतीत अल्लाहने ईमानधारकांना आदेश दिला आहे की, एखाद्या दुराचाऱ्याने बातमी आणली तर तिची शहानिशा करावी. प्रत्येक जाहिरातदार दुराचारी असतो, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मात्र ज्याचा नफा त्या बातमीतच गुंतला आहे, त्याचे बोलणे पारखून घेण्यात गैर ते काय?

गोरेपणाच्या क्रीमचे उदाहरण घ्या. ‘फेअर अँड लव्हली’ 1975 मध्ये भारतीय बाजारात आली आणि 2020 मध्ये तिच्या नावातून ‘फेअर’ हा शब्द गेला. अशा क्रीमच्या जाहिराती आधी सावळ्या मुलीला तिच्यात उणीव असल्याचे पटवीत आणि मग उपाय विकीत. अखेरच्या हजच्या प्रवचनात प्रेषितांनी (स.) स्पष्ट केले होते की, गोऱ्याला काळ्यावर श्रेष्ठत्व नाही, श्रेष्ठत्व केवळ तकव्याने आहे. काबागृहाच्या छतावरून अजान देण्याचा मान हजरत बिलाल (रजि.) यांना मिळाला, हे आपल्या मुलींना ठाऊक असते. तरीही स्थळ पाहताना ‘मुलगी जरा सावळी आहे’ अशी कुजबुज आपल्याच दिवाणखान्यात होते. जाहिरातदाराने पेरले खरे, पण जमीन आपण नांगरून दिली होती. मुलांना प्रश्न विचारायला शिकविण्यापूर्वी आईवडिलांनी ही कुजबुज थांबविली पाहिजे.

मग मुलांसोबत बसून जाहिरात पाहावी. ही वस्तू नसेल तर माझे काय अडेल? स्तुती करणाऱ्याला पैसे कोणी दिले? पाकिटाच्या मागील बाजूस घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. ‘शक्तिवर्धक’ पेयात साखर कितव्या क्रमांकावर आहे, हे मुलालाच शोधू द्यावे. त्याला त्यात गंमत वाटते. रमजानमध्ये ‘सुन्नत’चे नाव लावून विकला जाणारा मध आणि खजूरही या चौकशीतून सुटू नये. किंबहुना, जेथे दीनचे नाव घेऊन भाव वाढविला जातो, तेथे अधिक चौकस असावे.

कायदाही ग्राहकाच्या बाजूने आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 अन्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पुराव्याविना ‘बुद्धी वाढते’ असा दावा मुलांपुढे करण्यास 2022 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी मनाई केली आहे. ‘जाऊ द्या, सब्र करा’ असे म्हणून आपण तक्रार टाळतो. परंतु आपल्या गप्प राहण्याने पुढचा ग्राहकही फसतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक 1915 आहे. घरातील सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीलाच तो फिरवू द्यावा आणि बोलताना पावती हाताशी ठेवण्यास सांगावे.